लॅपटॉप लई तापायलाय? आधी बघा त्याचा वेग नेमका कोण अडवायलाय

मे महिना लागला की परभणी घ्या, नांदेड घ्या, जालना घ्या, दुपारी पारा ४२-४३ च्या खाली यायचं नाव घेत नाही आणि मग सगळीकडून एकच तक्रार: लॅपटॉप तापायलाय, फॅन बंदच होईना, फॉर्म भरता भरता मशीन अडकायलंय, आता फॉरमॅट मारू का? तर फॉरमॅट मारून यातलं बहुतेक काही सुटत नाही. विंडोज काय आन् लिनक्स काय, दोघांतही प्रोसेसरचा वेग आणि गरमी सांभाळायची पूर्ण सोय आधीपासूनच आहे, फक्त ती कुठं असते आणि किती हात लावायचा हे माहीत पाहिजे. हे लिहितोय ते नवीन लोकांसाठी, म्हणजे सेतू केंद्र चालवणारे, लातूर-संभाजीनगरला रूम करून कोडिंग शिकणारी पोरं, सेकंड हँड लॅपटॉप घेऊन बसलेले आपल्यासारखेच सगळे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कमांडची नावं मी देवनागरीत लिहिलीत, टाईप करताना ती इंग्रजी अक्षरात टाकायची.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या

प्रोसेसर एकाच वेगानं कधीच पळत नाही. काम नसलं की तो खाली उतरतो, अगदीच रिकामा असला की त्याचे काही भाग झोपतात (याला सी-स्टेट म्हणतात), काम आलं की वर चढतो (हे पी-स्टेट). आता वेग वाढवायचा तर व्होल्टेजपण वाढवावं लागतं, आणि वीज खायचा हिशोब असा आहे की ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग २०% कमी केला आणि त्यामुळं व्होल्टेज १०% उतरलं, तर ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे साधारण ०.६५. वेगाचा पाचवा हिस्सा गेला पण गरमीचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग गेला. पुढं जे काय करायचंय ते सगळं या एका हिशोबावर उभं आहे.

दुसरी गोष्ट, जी पुण्या-बेंगळुरूच्या एसीत बसून व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची गरमी. उदाहरण म्हणून धरा की एखाद्या लॅपटॉपचं कूलिंग असं आहे की दर वॅटला २ अंश वाढतात. २५ वॅटवर काम चाललंय तर ५० अंश वाढणार. डिसेंबरात खोली २५ ची, प्रोसेसर ७५ वर, काही टेन्शन नाही. तेच मशीन, तेच काम, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ ला ठेवा, झाले ९५. बिघडलं काहीच नाही, पण आता वर जायला जागाच उरली नाही. म्हणून तिकडचे सेटिंग इकडं जसेच्या तसे लावून चालत नाही.

आता हे सगळं ठरवतं कोण? पूर्वी निर्णय बायोस (मशीन चालू होताच ओएसच्या आधी चालणारं, बोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) घ्यायचं. १९९६ च्या शेवटी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं मिळून एसीपीआय नावाचं स्टँडर्ड आणलं आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात आला: बायोस फक्त तक्ता देणार की हे हे वेग आहेत, इतक्या अंशाला हळू हो, इतक्याला बंद हो, आणि अंमल करणार ओएस. पुढं २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलनं स्पीड शिफ्ट आणलं, त्यात दर वेळेचा बारीक निर्णय प्रोसेसर स्वतःच घेतो, ओएस फक्त कमाल-किमान हद्द आणि कल सांगते की वेग पाहिजे का बचत. मालकानं सकाळी गड्याला सांगावं की एवढं रान झालं पाहिजे, बैलाला दमवू नको, आणि मग दर तासाला बांधावर जाऊन उभं राहू नये, तसा प्रकार.

म्हणजे वेगावर तीन जणांचा हात असतो: प्रोसेसर स्वतः, लॅपटॉपचं फर्मवेअर (कंपनीनं चिपमध्ये भरून दिलेलं सॉफ्टवेअर, बायोस त्यातच येतं) आणि ओएस. तिघांपैकी अडवायलंय कोण हे न बघताच सेटिंग बदलत बसायचं आणि मग म्हणायचं फरक पडला नाही, हे लई जण करतात.

पायरी १: मोजा

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅब, सीपीयू. तिथं स्पीड दिसतो आणि बाजूला बेस स्पीड. चालू स्पीड बेसच्या वर असेल तर टर्बो (म्हणजे गरजेला बेसच्या वर पळायची सोय) चालू आहे असं समजा. प्रोसेसरचं तापमान मात्र टास्क मॅनेजर दाखवत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं टूल घ्या, त्याच्या सेन्सर विंडोत प्रत्येक कोअरचं तापमान येतं, आणि थर्मल थ्रॉटलिंग असं लिहिलेली ओळ येते, तिथं येस दिसलं म्हणजे गरमीमुळं ब्रेक लागलाय.

लिनक्सवर एलएम-सेन्सर्स पॅकेज टाका आणि नुसतं सेन्सर्स म्हणा, तापमान समोर. काही टाकायचं नसेल तर सिस फोल्डरात क्लास, त्याच्यात थर्मल, तिथं थर्मल झोन ०, १, २ असे फोल्डर असतात. प्रत्येकात टेम्प नावाची फाईल, आकडा ६७००० दिसला तर घाबरू नका, तो हजारपट असतो, म्हणजे ६७ अंश. कोणता झोन कशाचा ते टाईप नावाच्या फाईलीत लिहिलेलं असतं, इंटेलवर एक्स८६ पॅकेज टेम्प नावाचा जो आहे तो आपल्या कामाचा. इंटेलवर अजून एक भारी गोष्ट मिळते, सीपीयूच्या फोल्डरात थर्मल थ्रॉटल नावाचा फोल्डर, त्यात बूट झाल्यापासून कितीदा गरमीमुळं अडवलं याची मोजणी पडलेली असते. तो आकडा शून्य असेल तर गरमीचा विषय सोडा, दुसरं कारण शोधा.

मोजायचं कसं तर तुमचं रोजचंच काम १५ मिनिटं चालू ठेवा, दुपारी, जिथं बसता तिथंच. सुरुवातीचा स्पीड लिहून ठेवा, शेवटचा स्पीड लिहून ठेवा आणि सर्वात जास्त तापमान. सकाळी सहाला गच्चीवर मोजून काही कळायचं नाही.

किती म्हणजे जास्त? इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची हद्द १०० अंशाच्या आसपास असते, एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरची ९५. मॉडेलप्रमाणं बदलते, कंपनीच्या पानावर लिहिलेली असते. जोराच्या कामात ८०-८५ दिसलं म्हणजे लॅपटॉप जळायला लागला असं नाही. सारखा हद्दीला टेकून राहिला तर मग लक्ष द्या. हद्द गाठली की तो आधी वेग पाडतो, तरी चढत गेलं तर ओएस मशीन बंद करते, आणि ओएस अडकून पडलेली असली तर प्रोसेसर स्वतःच करंट तोडायला लावतो. त्यामुळं अचानक बंद पडणाऱ्या मशीनला बाहेरची करणी नको शोधायला.

पायरी २: अडवणारा ओळखा

इथं वेळ घाला, ही पायरी नीट झाली तर निम्मं काम झालं.

पहिला प्रकार: काम सुरू केल्यावर अर्धा मिनिट जोरात चालतं, मग वेग थोडा उतरतो आणि तिथंच स्थिर राहतो, तापमानपण ७०-७५ च आहे. ही गरमी नाही, ही पॉवर लिमिट आहे. इंटेलमध्ये दोन हद्दी असतात, थोडा वेळ चालणारी मोठी आणि कायमची छोटी, बऱ्याच मशीनवर पहिलीचा काळ २८ सेकंद ठेवलेला असतो. कंपनीनं ठरवूनच दिलेलं आहे, याला बिघाड म्हणू नका.

दुसरा प्रकार: वेग वरखाली उड्या मारायलाय, तापमान ९५-१०० ला टेकलंय, फॅन फुल. हा खरा थर्मल थ्रॉटलिंग. खालच्या पायऱ्या यांच्यासाठीच.

तिसरा प्रकार लई फसवा आहे. तापमान ५०, फॅन शांत, पण स्पीड ०.४ नाहीतर ०.८ गिगाहर्ट्झवर अडकून बसलाय, काही केल्या वर येईना. लोक विंडोज नवीन टाकतात, रॅम वाढवतात, आणि कारण निघतं चार्जर. बऱ्याच लॅपटॉपचं फर्मवेअर चार्जर ओळखतं, त्याला तो डुप्लिकेट किंवा कमी वॅटचा वाटला, नाहीतर बॅटरी खराब झालेली सापडली, की ते प्रोसेसरला खालीच दाबून ठेवतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगला कर्नल-प्रोसेसर-पॉवर नावानं ३७ नंबरचा इव्हेंट दिसला तर त्याचा अर्थच हा की वेग फर्मवेअरनं अडवलाय, ओएसनं नाही. तपासायला सोपं आहे, मूळ चार्जर कुणाकडून तरी मागून लावून बघा, नाहीतर चार्जर काढून निसतं बॅटरीवर चालवून बघा.

चौथा, साधाच. कुणीतरी आधी पॉवर सेव्हर करून ठेवलंय आणि विसरलंय. सेकंड हँड मशीनवर हे पहिले बघा.

पायरी ३: सेटिंगच्या आधी ब्रश

थोडक्यात सांगतो. जिनिंगच्या आसपास दुकान असेल, घरात कापूस साठवलेला असेल, तर फॅनच्या जाळीत तंतूंचा नमदा बसतो आणि हवा जातच नाही. खोलून साफ करून घ्या, ब्लोअर मारताना फॅन काडीनं अडवून धरा. चार-पाच वर्षांचं मशीन असेल तर थर्मल पेस्टपण (प्रोसेसरची गरमी कूलिंगच्या धातूला पोचवणारा लेप) बदलून घ्या. गादीवर ठेवून वापरू नका.

आन् कूलर. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत कूलर खोली चांगली उतरवतो, आणि वर सांगितलं तसं खोली जितके अंश उतरेल जवळपास तितकाच प्रोसेसरपण उतरतो, फुकटात. फक्त थेट धारेसमोर ठेवू नका, थेंब उडतात. जून लागून हवेत दमटपणा आला की मग कूलरचा तेवढा जोर राहत नाही.

पायरी ४: विंडोजवर काय बदलायचं

सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी, तिथं पॉवर मोड. तीन पर्याय: बेस्ट पॉवर एफिशियन्सी, बॅलन्स्ड, बेस्ट परफॉर्मन्स. उन्हाळ्यात बॅलन्स्डवर ठेवा. फॉर्म भरणं, पीडीएफ, टायपिंग असलंच काम असेल तर एफिशियन्सीवर पण काही फरक जाणवत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर टर्बोला लगाम. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० असतं, ते ९९ करा. एका टक्क्यानं काय होतंय असं वाटेल, पण इंटेलच्या बहुतेक मशीनवर १०० च्या खाली गेलं की टर्बोच बंद होतो आणि वेग बेस स्पीडपाशी थांबतो. टर्बोचा शेवटचा टप्पाच सगळ्यात जास्त व्होल्टेज मागतो, गरमी तिथूनच येते. आता टास्क मॅनेजरमध्ये बघा, स्पीड बेसच्या वर जायला नको. गेला तर सेटिंग लागलं नाही.

तिथंच ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन असे दोन वेगळे आकडे असतात. एकच बदलला तर लाईट गेली की मशीन वेगळं वागणार आणि लाईट आली की वेगळं, आणि आपल्याकडं लाईट दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला माहितीच आहे. दोन्ही भरा.

सिस्टिम कूलिंग पॉलिसी दिसली तर ती ॲक्टिव्ह ठेवा, म्हणजे आधी फॅन वाढवतो आणि मग वेग पाडतो. पॅसिव्हमध्ये उलटं होतं.

नवीन लॅपटॉपवर हे पर्याय लपवलेले असतात, उघडलं तर प्रोसेसरवाला भागच नसतो. मग टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा आणि लिहा: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स, स्पेस, स्कीम अंडरस्कोर करंट, स्पेस, सब अंडरस्कोर प्रोसेसर, स्पेस, प्रॉकथ्रॉटलमॅक्स, स्पेस, ९९ (आकडापण इंग्रजीतच). बॅटरीसाठी तीच ओळ, फक्त सेटएसी च्या जागी सेटडीसी. शेवटी पॉवरसीएफजी स्लॅश सेटॲक्टिव्ह स्कीम अंडरस्कोर करंट, त्याशिवाय लागू होत नाही.

मिनिमम प्रोसेसर स्टेट १०० करा, लॅपटॉप रॉकेट होईल, असले व्हिडिओ लई फिरायलेत. त्यानं होतं एवढंच की काम नसताना पण प्रोसेसरला खाली उतरायला मनाई. ४३ अंशात हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार. ते ५ असेल तर ५ च राहू द्या.

आणि ९९ करण्याच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघा की कोण खायलंय. ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडे, दोन अँटीव्हायरस आणि मागं एखादं अपडेट चालू, तर ते बंद करा की आधी.

पायरी ५: लिनक्सवाल्यांनी

उबंटू असेल तर वर उजव्या कोपऱ्यात क्लिक करा, पॉवर मोड तिथंच आहे: परफॉर्मन्स, बॅलन्स्ड, पॉवर सेव्हर. टर्मिनलमध्ये पॉवरप्रोफाइल्ससीटीएल म्हणा, चालू मोडसमोर चांदणी दिसते, आणि परफॉर्मन्सखाली डिग्रेडेड अशी ओळ येते. मशीन तापलेलं असेल आणि त्याच्या ड्रायव्हरमध्ये सोय असेल तर तिथं हाय ऑपरेटिंग टेंपरेचर असं कारणच लिहून येतं, आणि काही लॅपटॉप तर मांडीवर ठेवलाय हेपण ओळखतात आणि तसं लिहितात.

आता नवीन माणूस हमखास बुचकळ्यात पडतो ती जागा. सीपीयूफ्रेकच्या फोल्डरात स्केलिंग गव्हर्नर (वेग कधी किती ठेवायचा ते ठरवणारा नियम) नावाची फाईल असते, ती उघडली की पॉवरसेव्ह असं दिसतं आणि वाटतं अरे माझं मशीन कायम बचतीवरच चाललंय, म्हणून हळू. तसं नाही. आधी स्केलिंग ड्रायव्हर बघा. तो इंटेल पीस्टेट असेल तर त्याच्याकडं बहुतेक वेळा दोनच गव्हर्नर असतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह, आणि त्याचा पॉवरसेव्ह कामाप्रमाणं वेग वरखाली करतो, टर्बोपर्यंत जातो. जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रेक ड्रायव्हरचा पॉवरसेव्ह मात्र खरंच सगळ्यात खालच्या वेगाला बांधून टाकतो, तिथं शेडयुटिल किंवा ऑनडिमांड ठेवा. शेडयुटिल २०१६ ला ४.७ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आला, तो कोणतं काम कधी चालवायचं ठरवणाऱ्या शेड्युलरकडूनच कामाचा अंदाज घेतो. एएमडीच्या नवीन रायझनला २०२२ च्या ५.१७ कर्नलपासून स्वतःचा एएमडी-पीस्टेट ड्रायव्हर मिळाला, त्यामुळं जुना कर्नल घेऊन बसला असाल तर आधी अपडेट मारा.

टर्बो बंद करायचा तर इंटेल पीस्टेटच्या फोल्डरात नो टर्बो नावाची फाईल आहे, रूट (म्हणजे ॲडमिन) होऊन त्यात १ लिहा. रीबूट झालं की परत ० होतं, म्हणून नवीन माणसाला हा प्रयोग करायला भ्यायचं कारण नाही, काही बिनसलं तर बंद करून चालू करा. कायमचं करायचं तर टीएलपी नावाचं टूल आहे, पण ते आणि उबंटूचं पॉवर प्रोफाइल्स डेमन (वरचा पॉवर मोड सांभाळणारं) दोन्ही एकाच मशीनवर ठेवू नका, दोघंबी त्याच फाईली लिहितात. इंटेलवर थर्मलडी हे आणखी एक, ते हद्द गाठायच्या आधीच हळूहळू पॉवर उतरवत नेतं, उबंटूवर बऱ्याचदा आधीच टाकलेलं असतं, चालू असेल तर राहू द्या.

पायरी ६: परत मोजा

तीच जागा, तेच १५ मिनिटांचं काम, तीच दुपार. पहिल्या मिनिटाचा वेग कमी दिसणारच, त्याच्याकडं बघू नका. पंधराव्या मिनिटाचा बघा. आधी ३.८ गिगाहर्ट्झवरून सुरू होऊन ९८ अंशाला टेकून १.४ ते २.६ च्या मधी उड्या मारणारं मशीन आता जर २.४ वर एकसारखं चालायलंय आणि तापमान ८० च्या आसपास थांबलंय, तर तुमचं काम झालं. स्क्रोल करताना, टाईप करताना जो झटका बसायचा तो वेग कमी असल्याचा नव्हता, वेग सारखा बदलत असल्याचा होता. सेतू केंद्रात जून महिन्यात दाखल्यांची रांग लागलेली असताना दिवसभर एकसारखं चालणारं मशीन परवडतं, सकाळी पळणारं आणि दुपारी बसणारं नाही.

व्हिडिओ एडिटिंग, अँड्रॉइड स्टुडिओ असलं जड काम असेल तर टर्बो बंद केल्याचा फटका जाणवेल, कधी कधी चांगलाच. त्यांनी जड एक्सपोर्ट रात्री लावावा, तेव्हा १०० करून. नोव्हेंबरात थंडी पडली की सगळ्यांनीच ९९ चे परत १०० करा.

अंडरव्होल्टिंगबद्दल बरेच जण विचारतात, म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज कमी करायचं. चालायचं भारी, पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची भानगड बाहेर आली आणि त्यानंतर बायोस अपडेटमधून बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर ती सोय बंद केली गेली. फक्त त्यासाठी जुनं बायोस टाकायच्या नादी लागू नका.

मोबाईलचंबी आतून हेच आहे. अँड्रॉइड १० पासून सिस्टिम ॲपला गरमीची पातळी कळवते, अगदी काही नाही पासून शटडाऊनपर्यंत सात पातळ्या. शेतात उन्हात हॉटस्पॉट चालू, वर पॉवरबँकवर चार्जिंग आणि व्हिडिओ कॉल, असं केल्यावर गेम अडकणं, ब्राइटनेस उतरणं, चार्जिंग थांबणं हे व्हायचंच. तिथं सेटिंग काही नाही, चार्जिंग काढा, कव्हर काढा, सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत पाणी सुटतं.

सेकंड हँड लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा पेन ड्राइव्हवर उबंटू घेऊन जा, दुकानातच लाईव्ह बूट करा (म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालू करा), एखादा मोठा व्हिडिओ ब्राउझरमध्ये लावून १५ मिनिटं थांबा आणि थर्मल थ्रॉटलचा आकडा बघा. दुपारी जा, आणि कूलरपासून लांबचं टेबल मागा.